तिसरी तार सोडून द्यावी

काकूंच्या ऑपरेशनला आठ दिवस उरले होते, आणि नेमक्या त्याच आठ दिवसांत वेलांटीकाकांनी घरात एक यंत्र आणायचं ठरवलं. शहाण्या माणसाने अशा वेळी दवाखान्याची पिशवी भरली असती, नातेवाइकांना फोन केले असते, फार तर तो भिंतीकडे बघत बसला असता. पण काका शहाणे नव्हते, शुद्ध होते. सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते. उंच अंगकाठी, मानेपासून पुढे वाकलेली. त्यात इमारतीच्या फळ्यावर लागणाऱ्या प्रत्येक सूचनेतलं ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने सुधारायची खोड. त्यामुळे सगळे त्यांना वेलांटी म्हणत. तोंडावर म्हणताना पुढे 'काका' जोडत, एवढाच काय तो आदर.

ऑपरेशन कानाचं होतं. काकूंचा डावा कान लहानपणीच तापात गेला होता आणि पुढचा सगळा संसार त्यांनी उजव्या कानावर केला. आता त्या उजव्या कानामागे, नसेवर, गाठ निघाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, "गाठ काढावीच लागेल. ठेवली तर जिवाशी गाठ आहे. काढली तर ऐकू येणंही तिच्याबरोबर जाईल. पुढच्या शुक्रवारी करू." डॉक्टर चांगले होते, त्यांनी 'कदाचित' हा शब्द वापरला नाही.

बाहेर पायरीवर आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "एकोणीस वर्षं वाचलं मी, पण माझं वाचन कधी ऐकलंच नाही."

हे वाचन म्हणजे असं. अंध लोकांसाठी पुस्तकं टेपवर उतरवून देणारी एक संस्था होती. तिथे दर बुधवारी दुपारी काकू एका बंद खोलीत बसून मोठ्याने पुस्तकं वाचत. कुठल्या कुठल्या गावांहून त्यांना ऐकणाऱ्यांची पत्रं येत. पण स्वतःचा आवाज ऐकायची त्यांना लाज वाटे, म्हणून एकोणीस वर्षांत त्यांनी एकदाही टेप लावून बघितली नव्हती. आता त्या सहज बोलून गेल्या. काकांनी मात्र ते वाक्य उचललं आणि तिथल्या तिथे कंबर कसली. शुक्रवारच्या आत हिला हिचं एक अख्खं पुस्तक घरच्या खुर्चीत बसून ऐकवायचं.

त्या मोठ्या चकत्यांच्या टेपा फक्त संस्थेतल्या यंत्रावर वाजत. काका दुसऱ्याच दिवशी तिथे गेले. चिटणीसबाई काकूंना ओळखत होत्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "न्या हो यंत्र. ताईंसाठी नाही तर कुणासाठी? या छापील अर्जावर फक्त सही करा."

काकांनी अर्ज हातात घेतला. आता इथे कोणताही नवरा काय करेल? सही करेल. काकांना अर्जात सात चुका दिसल्या. 'संस्थेबाहेर' हा शब्द तोडून छापला होता आणि 'परवानगी'तल्या गीला वेलांटीच नव्हती. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

"खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही," बाई म्हणाल्या.

"मग शुद्ध छापत जा," काका म्हणाले.

बाईंनी दुसरा अर्ज दिला. तोही त्याच छपाईतला, तेव्हा चुकाही त्याच. काकांनी त्याही सुधारल्या. तिसऱ्या अर्जाला बाईंनी कपाट उघडलं आणि अर्ज संपले आहेत असं जाहीर केलं. खरे संपले होते की नाही देव जाणे. प्रती काढणारा माणूस सोमवारी येणार होता. शनिवार गेला, रविवार गेला. त्या दोन दिवसांत काकांनी घरी फेऱ्या मारत चिटणीसबाईंच्या भाषेचे वाभाडे काढले आणि ते काकूंनी उजव्या कानाने ऐकले. सोमवारी त्यांनी चष्मा काढून ठेवून सही केली. मंगळवारी यंत्र घरी आलं, सोबत काकूंच्या एका पुस्तकाच्या टेपा.

यंत्र लहान पेटीएवढं आणि वजनाला मोठ्या पेटीएवढं होतं. घरात आवाज मोठा करणारा जुना डबा आणि त्याला जोडलेली स्पीकरची दोन खोकी होती. यातून त्यात एक तार घातली की झालं, अशी काकांची समजूत. पण यंत्राच्या पाठीवर होत्या एका गोल खाचेत तीन पिना, आणि घरच्या डब्याला नुसतं एकेक भोक. तीन आणि एक. सोयरीक जमेना.

तेवढ्यात तळमजल्यावरचे वायरमन आलेच. वीज कार्यालयातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण टेस्टर अजून खिशात असे. कुणाच्या मयतीला गेले तरी असे. त्यांनी टेस्टर तिन्ही पिनांना लावून बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "करंट कमी आहे."

समोरच्या वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या भावानं अगदी असंच मशीन आणलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग?" काकांनी आशेने विचारलं.

"त्याचं घर जळलं."

काका दुकानात गेले. दुकानदाराने बोटभर लांबीचा एक जोड काढून दिला. एका तोंडाला तीन भोकं, दुसऱ्या तोंडाला घरच्या डब्यात बसणारी एकच दांडी. "आतमध्ये तिसरा पिन कुठेच जोडलेला नाही," दुकानदार म्हणाला. "तो तसाच असतो. घाबरू नका."

"तिसरी," काका म्हणाले. "पिन स्त्रीलिंगी आहे."

त्या वाक्यातलं लिंग काकांनी घरी आणलं, अर्थ दुकानातच राहिला.

बुधवारी दुपारी जोड बसला. काकूंनी खुर्ची ओढून उजवा कान खोक्याकडे केला आणि हात मांडीवर ठेवले. काकांनी बटण दाबलं. आधी 'घूंऽऽ' अशी एक गुणगुण खोलीभर पसरली. मग तिच्यातून एक बाईचा आवाज आला, तरुण, सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देणारा. "प्रकरण पहिले. त्या वर्षी नदीला पाणी आले नाही, आणि गावातल्या बायकांनी..."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "मी अशी वाचते?"

त्यांचे डोळे मोठे झाले होते. गेल्या आठवडाभरात त्यांच्या तोंडावर एवढा उजेड कुणी पाहिला नव्हता. आणि तिथेच काकांनी यंत्र बंद केलं.

"अहो, का बंद केलंत?"

"गुणगुण येतेय."

"येऊ दे की. मला ऐकू येतंय."

"असं अशुद्ध ऐकवणार नाही मी तुला," काका म्हणाले. "दोन तास दे. स्वच्छ करतो, मग सलग ऐक."

त्या वेळी काकांचा हात धरायला घरात कुणीतरी हवं होतं. वायरमन होते, पण त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी जोड उघडला आणि आत बघून कपाळावर हात मारला. "फसवलं तुम्हाला! तिसरी तार जोडलेलीच नाही. गुणगुण येणार नाही तर काय होणार?"

काकांनी संस्थेतल्या ध्वनिमुद्रकाला फोन लावला. तो माणूस कुठेतरी गर्दीत उभा होता आणि आवाज तुटत होता. "हां काका, ऐका. तीन तारा असतात. पहिली जमिनीची. दुसरीत आवाज. तिसरीत तोच आवाज, पण उलटा. ती तिसरी सोडून द्या, नाहीतर..." आणि फोन कटला.

काकांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तिसरी तार सोडून द्यावी.' पूर्णविराम दिला.

"बघा, मी काय म्हणत होतो?" वायरमन म्हणाले. "तार सोडायची म्हणजे कुठे सोडायची? जमिनीत. आयुष्यभर हेच केलं मी. जास्तीची तार दिसली की जमिनीत सोडायची. उलटा आवाज जमिनीत गेला की वर सुलटा राहिला!"

"मला नाही तसं वाटत," वहिनी दारातून म्हणाल्या. "मी आमच्या ह्यांना म्हणते दारू सोडून द्या, तेव्हा ती जमिनीत सोडा असं नाही म्हणत. म्हणजे सोडली तरी माझी ना नाही, पण म्हणत नाही."

खरं तर सगळ्या इमारतीत त्या क्षणी एकट्या वहिनी बरोबर होत्या. पण ज्यांच्या भावाचं घर जळलेलं, त्यांचं यंत्राच्या बाबतीत कोण ऐकतं? काकांनी शब्दकोश काढला. प्रश्न आता विजेचा उरला नव्हता, क्रियापदाचा झाला होता, आणि क्रियापदाच्या बाबतीत निकाल द्यायचा अधिकार या घरात एकाच माणसाचा होता. 'सोडणे'. अर्थ चौदा. तिसरा अर्थ, त्याग करणे. नववा अर्थ, पाणी, वाफ इत्यादींस वाट करून देणे. काका बराच वेळ तिसऱ्या आणि नवव्या अर्थाच्या मध्ये बोट ठेवून बसले.

मग त्यांनी निकाल दिला. "जे धरलेलंच नाही, ते सोडता येत नाही. दुकानदारानं तिसरी तार जोडलेलीच नव्हती. मग ती सोडून द्या असं तो माणूस कशाला सांगेल? त्या अर्थी नववा अर्थ. जमिनीत सोडायची."

"अहो, पण त्याला परत एकदा फोन करून विचारा ना," काकू म्हणाल्या.

"एका वाक्याचा अर्थ विचारायला?" काका म्हणाले. "मी?"

 वायरमननी डाग देऊन तिसरी तार पहिलीला, म्हणजे जमिनीच्या तारेला, पक्की जोडली. काम सुबक झालं, हे मान्य करायला हवं.

गुरुवारी सकाळी काकू पुन्हा खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशीची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. काकांनी बटण दाबलं. गुणगुण होती तशीच आली. मग आवाज आला, पण घसा बसल्यासारखा. "प्रकरण पहिले. त्या वर्षी नदी..." आणि काकूंचा तो सावकाश आवाज आणखी खाली गेला, खरखरला, दूर कुठेतरी बोलल्यासारखा झाला आणि थांबला. टेप फिरत होती. यंत्राच्या पाठीतून जळकट वास यायला लागला. वायरमननी पाठीला हात लावून चटकन मागे घेतला.

आवाज गेला होता. गुणगुण शाबूत होती.

"गॅसवर दूध ठेवलंय," असं म्हणून वायरमन खाली गेले. त्यांच्या घरी दूध संध्याकाळी येतं.

ध्वनिमुद्रक दुपारी आला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने यंत्राची पाठ उघडली, वास घेतला, मग तो जोड उघडून हातात धरला आणि त्यातला डाग बघितला.

"काका, मी म्हटलं होतं तिसरी सोडून द्या."

"सोडली ना."

"कुठे?"

"जमिनीत," काका म्हणाले.

त्या माणसाने जोड हळूच खाली ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सोडून द्या म्हणजे नका जोडू," तो म्हणाला. "यंत्र त्या तारेतून जोर लावून आवाज ढकलत असतं. ती जमिनीला बांधली की सगळा जोर जमिनीत जातो. मग ते तापतं आणि जातं. दुकानातून आणलेला जोड बरोबर होता. आत काहीच करायचं नव्हतं."

"मग ती गुणगुण?"

ध्वनिमुद्रक उठला. त्याने जोड परत बसवून यंत्र चालू केलं, गुणगुण आली. घरच्या डब्याची वायर समोरच्या भिंतीतल्या प्लगात होती, ती त्याने काढली आणि ज्या बोर्डावर यंत्र लावलं होतं त्याच बोर्डावर लावली. गुणगुण थांबली. इतकी साफ थांबली की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू आला. "दोन्ही एकाच बोर्डावर लावायची होती," तो म्हणाला.

काकांनी विचारलं, "दुरुस्त कधी होईल?"

"भाग मागवावा लागेल. दहा-बारा दिवस."

"उद्या सकाळी तिला नेणार आहेत."

"माहीत आहे मला." मग त्याला राहवलं नाही. "काका, ताईंना तिकडेच का नाही घेऊन आलात? त्यांच्याच खोलीत बसवलं असतं, कानाला हेडफोन लावून दिला असता. दिवसभर ऐकलं असतं त्यांनी. आता या टेपा वाजवणारं दुसरं यंत्र आमच्याकडे नाही."

 हे काकांना आठ दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. घर ते संस्था चालत दहा मिनिटं. काकू दर बुधवारी चालतच जात.

ध्वनिमुद्रक यंत्र घेऊन गेला. जाताना काकूंच्या पाया पडला. काकू पिशवीतला टॉवेल काढून पुन्हा नीट घडी घालत होत्या.

"आठ दिवस होते माझ्याकडे," त्या म्हणाल्या. रागाने नाही, हिशोब सांगावा तशा. "मी ठरवलं होतं, सकाळी खिडकीत बसायचं. पक्षी ऐकायचे, खालून माणसं जातात ती ऐकायची. बहिणीला फोन करायचा. आणि ऐकलं काय मी? तुमचं आणि त्या चिटणीसबाईंचं भांडण. वायरमन. वहिनी. आणि ती घूं घूं. आता डोळे मिटले तरी तीच येते."

काकांनी डब्याची वायर गुंडाळायला घेतली.

"आणि नसतं ऐकवलंत काही तरी चाललं असतं हो," काकू म्हणाल्या. "नुसतं बोलत बसला असतात माझ्याशी, तरी चाललं असतं."

वेलांटीकाकांना त्या वेळी स्वतःची मनापासून लाज वाटली. इतकी की पुढे होऊन त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवावा आणि काय वाटतं ते सांगून टाकावं असं त्यांना आतून वाटलं. ते पुढे झाले आणि म्हणाले, "चहा करू?"

चहा करताना त्यांनी ठरवलं की एक वाक्य तयार करायचं. एकच, पण चांगलं. उद्या ती आत जायच्या आधी सांगायचं. चहा उतू गेला तेव्हा वाक्याचा पहिला खर्डा तयार होता: 'आयुष्यभर माझं फक्त तूच ऐकून घेतलंस.' खरंच होतं ते. छापखान्यात त्यांचं कुणी ऐकत नसे, इमारतीत तर नाहीच.

शुक्रवारी सकाळी गाडीत ते काकूंच्या उजव्या बाजूला बसले. वाक्य ओठांवर आलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की 'फक्त' आणि 'तूच'मधला 'च' एकत्र नको. दोन्हींचं काम एकच. एक काढायला हवा. 'फक्त' काढला तर जोर जातो. 'च' काढला तर वाक्य सरकारी होतं. शिवाय 'आयुष्यभर' की 'आजवर'? आयुष्य अजून संपलेलं नाही, तेव्हा 'आजवर'. पण 'आजवर'मध्ये उद्यापासून दुसरं कुणी ऐकेल अशी सूचना निघते. गाडी दोन चौक पुढे गेली. काकू काच खाली करून बाहेरचे आवाज ऐकत होत्या. त्यांनी एकदा वळून विचारलं, "काही म्हणालात?"

"नाही," काका म्हणाले. अजून पक्कं व्हायचं होतं.

ऑपरेशनच्या दाराशी काकूंना चाकांच्या खाटेवर झोपवलं होतं. डोक्याला हिरवी टोपी. नर्सने काकांच्या हातात संमतीचा कागद दिला. खाट ढकलणारा म्हातारासा कर्मचारी दार पाठीने उघडून धरत म्हणाला, "काही बोलायचं असेल तर बोलून घ्या, काका. दोन मिनिटं आहेत."

काकूंनी मान वळवून उजवा कान वर केला. त्या वाट बघत होत्या, हे काकांना स्पष्ट दिसलं. त्यांनी तोंड उघडलं. डोळ्यांसमोरचं धूसर झालं, आणि त्या धुरकट नजरेला आधार म्हणून ते हातातल्या कागदाकडे बघायला गेले. घाबरलेलं माणूस ओळखीच्या वाटेला लागतं. कागदावर सर्वांत वर ठळक छापलं होतं, 'रूग्णाचे नाव'.

"'रुग्ण'मधला रु ऱ्हस्व हवा," काका म्हणाले. "पहिला उकार."

नर्स बघतच राहिली. काकू मात्र हसल्या. टोपीखाली त्यांचं तोंड लहान दिसत होतं आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "करा दुरुस्त," त्या म्हणाल्या. "सही पण करा तेवढी."

खाट आत गेली. दार एकदा बाहेर आलं, एकदा आत गेलं आणि स्थिर झालं.

काकांनी सही केली. कागद नर्सकडे दिला, ती गेली. मग ते दाराजवळ गेले, मान आणखी वाकवून कपाळ दाराच्या फळीला टेकवलं आणि म्हणाले, "आयुष्यभर माझं फक्त तूच ऐकून घेतलंस गं."

म्हातारा कर्मचारी रिकामी खाट घेऊन बाजूच्या दाराने परत येत होता. तो थांबला.

"काका," तो हळूच म्हणाला, "आत ऐकू जात नाही."

काकांनी मान हलवली. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.